बेसबॉल: चौदा वर्षांच्या पिचरनं किती टाकावं

भाऊ, तुम्ही विचारलंय: पोरगा चौदा वर्षांचा, बेसबॉलच्या शालेय स्पर्धेत दोन दिवसांत तीन सामने, तिन्हीत पिचिंग (फलंदाजाकडे चेंडू फेकणं) त्याच्याचकडे, आणि आता कोपर आतून दुखतंय. त्यावर कुणी सल्ला दिलाय, ‘तेल चोळा, अंगवळणी पडेल.’ कृपा करून ऐकू नका. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं वाढतं हाड कच्चं असतं, सगळी ओढ तिथंच बसते. फेकणं आजच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा, यवतमाळ-अमरावती गाठावं लागलं तरी चालेल.

अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ नियमांत १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे ९५ फेकी, आहेत. ५१ ते ६५ टाकले तर ३ दिवस विश्रांती, ६६ च्या वर गेला तर ४ दिवस. म्हणजे आपल्या स्पर्धांसाठी दोन-तीन पिचर तयार हवेतच. वर्षातून किमान ४ महिने पिचिंग पूर्ण बंद, हेही त्यात आहे. पावसाळा त्यासाठी बरा.

मोजणी तुम्ही स्वतः वहीत ठेवा. मैदानाबाहेरचंही धरा: ज्वारी दाण्यावर आली की पोरं पाखरं हाकलायला दिवसभर गोफण फिरवतात, संध्याकाळी टेनिस बॉलनं फास्ट बॉलिंग. खांदा तोच ना!

आणि चेंडू उंच जायला लागला, कोपर खाली उतरलं, दोन पिचमध्ये हात झटकू लागला की आकडा कितीही असो, पिचर बदला. सर ऐकत नसतील तर डॉक्टरची चिठ्ठी त्यांच्या हातात द्या.