पार्टिकल बोर्डचे कपाट आणि पावसाळ्यातील ओल

विचारणा: दांडियाबाजार_तळमजला

नमस्कार मंडळी. आमचे घर बडोद्यात दांडिया बाजार भागातील जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. आतल्या खोलीची एक भिंत न्हाणीघराला लागून असून त्याच भिंतीशी प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्डचे तयार कपाट उभे आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या खालच्या कडेला फुगू लागल्या आहेत, तिथला लॅमिनेट सुटून त्याच्या आतला भुसा बोटाने खरवडला तरी निघतो, आणि मागची पातळ फळी काढून पाहिली तेव्हा तिच्यावर करड्या बुरशीचे ठिपके आढळले. वरचा भाग, दरवाजे आणि कप्पे मात्र अगदी ठणठणीत आहेत. ओळखीचे मिस्त्री म्हणतात की आताच सगळीकडून वॉर्निश मारून घ्यावे. दुकानदार ओलावा शोषणाऱ्या डब्या ठेवायला सांगतो. यांपैकी नेमके काय करावे, आणि फुगलेला भाग पुन्हा बसतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: लाकूडकाम_मांजलपूर

ताई, फुगलेला भाग पुन्हा बसत नाही, तेव्हा ती आशा सोडून पुढचा विचार करणे बरे. लाकडाचा चुरा आणि बारीक कपच्या यांना बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकट द्राव लावून, त्यांचा जाड थर उष्णतेच्या साहाय्याने दाबून हा बोर्ड तयार करतात. पाणी आत शिरले की दाबून बसवलेल्या कपच्या मोकळ्या होऊन मूळच्या जाडीकडे परततात, आणि हा चिकटा पाण्यात टिकणाऱ्या जातीचा नसल्यामुळे त्यांच्यामधले सांधे तुटतात. पुढे बोर्ड वाळला तरी सुटलेले सांधे जुळत नाहीत. म्हणूनच अशा जागी स्क्रू नुसता फिरत राहतो, पकड घेत नाही.

आपले दरवाजे ठणठणीत आहेत यात नवल नाही. मेलामाइनचा कागद चढवलेल्या सपाट पृष्ठभागातून पाणी सहजासहजी आत जात नाही. ते जाते कापलेल्या कडांतून. तयार फर्निचरमध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या कडांवर पट्टी लावलेली असते, परंतु जमिनीला टेकणारी कड, भिंतीकडची कड, बिजागरीसाठी पाडलेले 35 मिलिमीटरचे खड्डे आणि कप्प्यांच्या खुंट्यांची भोके बहुतेक वेळा उघडीच राहतात. रोज फरशी पुसताना ओल्या फडक्याचे पाणी नेमके त्या खालच्या कडेला लागते आणि ती कड ते शोषून घेते. माझ्या मते आपल्या कपाटाचे निम्मे नुकसान हवेतल्या दमटपणाने नव्हे, तर पोछ्याने केलेले असावे.

वॉर्निशविषयी माझे स्पष्ट मत असे की आत्ता ते मारू नये. ओल्या बोर्डावर लेप चढवला की आतली ओल आतच कोंडते. नवरात्र उलटू द्यावे. ऑक्टोबरचे ऊन पडू लागले आणि हवा कोरडी झाली की कपाट भिंतीपासून ओढून, मागची फळी काढून, पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश वाळू द्यावे. त्यानंतर बाजूच्या फळ्यांचा फुगलेला भाग सरळ रेषेत कापून टाकावा. उघडी पडलेली कड काचकागदाने घासून, धूळ पुसून तिच्यावर तेलावर आधारित सीलर (छिद्रे बंद करणारा लेप) किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन वॉर्निशचा पहिला हात पातळ करून द्यावा, कारण कच्ची कड पहिला हात अक्षरशः पिऊन टाकते. तो वाळल्यावर उठलेले रेशे हलकेच घासून दाट दुसरा हात द्यावा. पाण्यावर आधारित प्रायमर या कामी वापरू नये, त्याच्यातल्या पाण्यानेच कपच्या फुगून वर येतात. साधा पांढरा ग्लू फासून कड बंद झाली असे समजणारेही पुष्कळ आहेत, पण तो ओलीत मऊ पडतो.

उत्तर: स्थापत्य_कारेलीबाग

वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र भिंतीचा निकाल लावल्याशिवाय कपाटावर खर्च करू नये. त्या भिंतीवर साधारण फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस तसाच ठेवावा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले, तर ओल न्हाणीघराच्या नळातून, लाद्यांच्या सांध्यांतून किंवा इमारतीच्या पायातून चढून येत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले, तर दोष कोंडलेल्या दमट हवेचा. भिंतीला पोपडे येऊन पांढरे क्षार फुटत असतील, तर या चाचणीचीही फारशी गरज नाही. अशा भिंतीवर वरून रंग चढवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. न्हाणीघराच्या बाजूने सांधे पुन्हा भरून घेणे हाच त्यावरचा उपाय.

कपाट परत लावताना भिंतीपासून निदान दोन इंच अंतर ठेवावे, म्हणजे मागून हवा खेळते. खाली कोटा दगडाच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि दगड व बोर्ड यांच्यामध्ये जाड प्लास्टिकची चकती सरकवावी. स्वयंपाकघरातील ट्रॉलींना लावतात तसे उंची कमी-जास्त करता येणारे पीव्हीसीचे पाय लावता आले तर फारच उत्तम. त्यांवर पुढून पट्टी बसवल्यास ती काढून खालची फरशी पुसता येते.

सिलिकॉन लावायचे असल्यास फक्त पुढच्या आणि बाजूच्या सांध्यात लावावे, मागची बाजू मोकळी ठेवावी, कारण सर्व बाजूंनी बंद केलेल्या कपाटाखाली चुकून पाणी गेले तर ते बाहेर येण्याची वाट उरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन बिजागऱ्यांच्या धातूला गंजवते. न्यूट्रल प्रकारचे मागून घ्यावे.

उत्तर: सयाजीगंज_वाचक

डब्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडेसे. त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. ते हवेतली वाफ ओढून स्वतः विरघळते आणि डबीच्या तळाशी खारट पाणी साठते. घट्ट बंद होणाऱ्या कपाटात कपड्यांना वास येऊ नये इतपत त्यांचा उपयोग होतो. जाळीच्या किंवा सैल दरवाजांच्या कपाटात मात्र डबी सगळ्या खोलीची हवा सुकवण्याचा खटाटोप करते आणि लवकरच भरते. ती कप्प्यात कलंडली तर तेच खारट पाणी बोर्डात मुरते, म्हणून खाली खोलगट ताटली ठेवणे श्रेयस्कर. खोलीची आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशीला वाव मिळत नाही. ती दाखवणारे लहानसे यंत्र स्वस्त मिळते. एसी असल्यास दुपारी काही वेळ ड्राय मोडवर चालवावा, आणि मे महिन्यात कूलरचा झोत कपाटाकडे वळवू नये, हे बडोद्यातल्या घरांना आवर्जून सांगावेसे वाटते.

दांडियाबाजार_तळमजला

सर्वांची मनापासून आभारी आहे. प्लास्टिकचा तुकडा लावून पाहिला. थेंब भिंतीच्या बाजूलाच आले, तेव्हा आधी न्हाणीघराचे काम काढणार आहोत. आणखी एक शंका आहे. स्वयंपाकघरात सिंकखाली नवीन कपाट करायचे आहे. मिस्त्रीकाका म्हणतात, 'मॉइश्चर रेझिस्टंट' पार्टिकल बोर्ड घेतला की काळजी नाही. त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर: लाकूडकाम_मांजलपूर

ठेवू नये. तो बोर्ड दमट हवा अधिक काळ सोसतो हे खरे, परंतु सिंकखालच्या सापळ्याच्या (सांडपाण्याच्या वळणदार जोडाच्या) चकतीतून गळणारे थेंब सोसण्यासाठी तो केलेला नसतो. एचडीएचएमआर (अधिक घट्ट दाबलेला, ओल जास्त सोसणारा बोर्ड) त्याहून बरा असला तरी त्याच्याही कडा बंद कराव्याच लागतात. त्या एका कपाटाचा सांगाडा आयएस 710 चा (मरीन प्लायवुडच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेल्या प्लायवुडचा करावा. त्याचा चिकटा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा बोर्ड) घेतला तर पाण्याची चिंताच नाही, मात्र जड दरवाजे टांगायचे असल्यास मिस्त्रींना स्क्रूच्या पकडीविषयी आधी विचारून घ्यावे.

आपण तळमजल्यावर आहात म्हणून एक गोष्ट वेगळी सांगतो. 2019 च्या जुलैअखेरीस आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहराच्या सखल भागांतील घरांमध्ये शिरले होते. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या पार्टिकल बोर्डाला कोणताही सीलर वाचवू शकत नाही. आपल्या गल्लीत पाणी येत असेल, तर जमिनीवर टेकणारे सगळे सामान लोखंडी, दगडी किंवा डब्ल्यूपीसीचे असावे आणि पार्टिकल बोर्ड भिंतीवर टांगायच्या कपाटांपुरता वापरावा. तिथे तो पुष्कळ वर्षे उत्तम टिकतो आणि खिशालाही परवडतो.

सिंकखालच्या तळाच्या फळीवर ॲल्युमिनियमचा कडा वळवलेला पत्रा टाकून घ्यायला मिस्त्रींना जरूर सांगावे. गळती सुरू झाली की पाणी फळीत मुरण्याआधी पत्र्यावर साठलेले दिसते.