मुलीचा आयरिशचा गृहपाठ मराठीतून कसा घ्यावा?

प्रेषक: नवी सभासद, डब्लिन १५

नमस्कार मंडळी,
आम्ही उन्हाळ्यात पुण्याहून इथे आलो. मुलगी सेकंड क्लासला आहे. शाळेत आयरिश आहे आणि मला त्यातलं काहीच वाचता येत नाही. तिला एक वाक्य मात्र पक्कं येतं, बाथरूमला जायची परवानगी मागायचं: ‘अन विल क्यद अगम दुल ग जी अन लेहरस?’ वहीत पाहिलं तर त्यात बी-एच-एफ, डी-टी अशी अक्षरं एकापुढे एक. शेजारीण म्हणते, शाळा सुटली की सगळे विसरतात, मनावर घेऊ नका. मला घ्यायचंय. देवनागरीत लिहून घेतलं तर चालेल का?

प्रेषक: सभासद, गॉलवे

ताई, जरूर घ्या मनावर. तुमच्या लेकीचं ते वाक्यच पहिला धडा समजा.

‘क्यद’ म्हणजे परवानगी, ‘अगम’ म्हणजे माझ्याकडे. ‘परवानगी आहे का माझ्याकडे?’ असं ती विचारते. इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखं क्रियापद या भाषेत नाही. पुस्तक असो, वेळ असो, आपल्यासारखंच सगळं ‘माझ्याकडे’ असतं. भूकही माणसाला लागते: ‘ता ओक्रस ओरम’, शब्दशः ‘भूक आहे माझ्यावर’. हो-नाहीला वेगळे शब्द नाहीत. ‘विल’ असा प्रश्न आला की ‘ता’ (आहे) किंवा ‘नील’ (नाही). ‘जेवलास?’ला आपण ‘जेवलो’ म्हणतो, तसं. घरी फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हे नवं असतं, आपल्या मुलांना नाही.

आता ते बी-एच-एफ. मूळ शब्द ‘एफ’ने सुरू होतो. आधी प्रश्नाचा ‘अन’ आला की फ झाकला जातो आणि व ऐकू येतो. पण झाकलेलं अक्षर पुसत नाहीत, नवं त्याच्या आधी लिहितात, म्हणून स्पेलिंग लांबतं. याला ‘उरू’ म्हणतात. वाचताना आधीचं वाचा, नंतरचं सोडा: एम-बी म, जी-सी ग, एन-डी न, बी-पी ब. शब्दकोशात शोधताना मात्र नंतरचंच अक्षर धरायचं. आपला ‘घोडा’ शेवटाकडे बदलून ‘घोड्याला’ होतो, यांचे शब्द सुरुवातीलाही बदलतात. व्यंजनानंतर एच दिसला तर तो ‘शेव्हू’: बी-एच आणि एम-एच बहुधा व, एस-एच आणि टी-एच ह, एफ-एच मुकं. जुन्या लिपीत या एचऐवजी अक्षरावर टिंब असे, काही जुन्या पाट्यांवर अजून दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जवळपास प्रत्येक व्यंजनाचे दोन उच्चार, रुंद आणि बारीक. शेजारी आय किंवा ई असेल तर बारीक, ए, ओ, यू असेल तर रुंद. ‘आमचा’ आणि ‘आमची’ मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीकडे च लिहितो, पण ‘आमची’त जीभ टाळूकडे जाते. हीच सवय इथे कामाला येते. ‘बाद’ म्हणजे होडी; शेवटचा द बारीक करून जवळजवळ ‘बाज’ म्हटलं की होड्या. रुंद टी म्हणजे ताटातला त, टेबलातला ट नव्हे. आणि त्यांचा ‘तू’ उच्चाराने आणि अर्थाने आपलाच ‘तू’. तेव्हा देवनागरीत खुशाल लिहा, इंग्रजी वळणाने वाचण्यापेक्षा नक्की जवळ पोचाल.

प्रेषक: सभासद, कॉर्क

गॉलवेकरांचं पटलं, फक्त क्रम महत्त्वाचा: आधी कानाने ऐका, मग लिहा. ‘कशी आहेस’ला दक्षिणेला आमच्या मुन्स्टरात ‘कनस ता तू’, पश्चिमेला त्यांच्या कॉनॉक्टात ‘के खी विल तू’, उत्तरेला डोनेगॉलमध्ये ‘गजे मार ता तू’. तिन्ही बरोबर. मुलीच्या बाई कुठली बोली बोलतात ते विचारा आणि तीच धरा. ‘तांग्लन’ या संकेतस्थळावर कितीतरी शब्द तिन्ही बोलींत ऐकायला मिळतात.

शेजारणीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २०२२च्या जनगणनेत आयरिश येते म्हणणारे १८ लाखांवर होते, पण शाळेबाहेर रोज बोलणारे सुमारे ७२ हजारच. म्हणूनच ती घरात ऐकू यायला हवी. टीजी फोर ही आयरिश वाहिनी लावा, मुलांचे कार्यक्रम असतात.

आणि बाहेर गेल्यावर एक लक्षात ठेवा: दारावर एम-एन-ए असेल ते बायकांचं, एफ-आय-आर असेल ते पुरुषांचं. घाईत उलट वाचलं जातं.

प्रेषक: नवी सभासद, डब्लिन १५

मनापासून आभार! बाई कॉनॉक्टच्या निघाल्या. ‘ता’ मला जमलं. ‘बाज’ला लेक थांबवते, म्हणते त्यात थोडा द हवा. स्वयंपाकघरातले शब्द पाठवाल का?

प्रेषक: सभासद, गॉलवे

लेकीचं बरोबर आहे, तिचंच ऐका. दूध बान्ये, पाणी इश्के, मीठ सलन, लोणी इम, साखर श्यूक्रा, चहा ते, पाव अरान. पोळीला पोळीच म्हणा. जेवताना मीठ हवं असेल तर तिला असं मागायला लावा: ‘तूर दम अन सलन, माश ए द हेल ए.’ शेवटचे शब्द म्हणजे ‘प्लीज’. त्यातला ‘हेल’ टी-एचने लिहितात, तो वहीत तिलाच शोधू द्या.