पुनर्विकासात राडारोड्याच्या पुनर्वापराची सक्ती असावी का?

गिरगावकर: जुनी इमारत पाडली की सागवानी दारे, लोखंडी तुळया आणि सळ्या यांना भाव येतो, म्हणून पाडकाम कंत्राटदार त्या जपून काढतो, विटा-काँक्रीटला गिऱ्हाईक नसते, म्हणून त्यांचा राडारोडा रात्री खारफुटीवर रिता होतो. यासाठीचे नियम २०१६ मध्येच आले, दहिसर आणि शिळफाटा येथे प्रक्रिया केंद्रेही उभी राहिली. २०२५ च्या नव्या नियमांतील पुनर्वापराची जबाबदारी मात्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाच्या प्रकल्पांवर आहे, आणि दादर-गिरगावातील लहान भूखंडांवरचे अनेक पुनर्विकास त्याखालीच राहतात. त्यांनाही परवानगी देतानाच ही अट घालावी.

स्थापत्य अभियंता: आपली कळकळ रास्त आहे, पण अट मला धोकादायक वाटते. काँक्रीटमधील खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ (२०१६) या भारतीय मानकानुसार जुने काँक्रीट फोडून केलेली खडी सलोह (सळ्या घातलेल्या) काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंतच, आणि तीही एम-२५ प्रतीपर्यंतच (आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत) चालते. उंच इमारतीच्या खांबांना त्याहून बरीच वरची प्रत लागते. शिवाय अशा खडीला चिकटलेला जुना सिमेंटचा थर पाणी शोषतो, आणि समुद्रकाठच्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये मुरलेले क्षार नव्या सळ्या गंजवू शकतात.

गिरगावकर: खांबांत ती वापरावी असे मी म्हणतच नाही. तेच मानक साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-१५ खालच्या प्रतीत १०० टक्के वापराला मुभा देते. पायाखालचा थर, आवारातील भरणी, पेव्हर ब्लॉक अशा जागी सळईच नसते, मग ती गंजण्याचा प्रश्न कुठे येतो? तेवढ्यासाठीही डोंगर फोडून खडी आणावी, हे मला मुळीच मान्य नाही.

चाळकरी: आमची चाळ पाडायची आहे, म्हणून लिहितो. काँक्रीट, विटा, लाद्या वेगवेगळ्या काढायच्या तर यंत्राने एकदम पाडता येणार नाही. काम लांबेल आणि तितके महिने आम्ही भाड्याच्या घरात काढू. खारफुटी वाचावी असे मलाही मनापासून वाटते. परंतु हा वाढीव खर्च विकासकाच्या नफ्यातून जाणार की आमच्या चौरस फुटांतून, हे करारात स्पष्ट लिहिले जात नाही तोपर्यंत सोसायटीच्या सभेत मी या अटीविरुद्धच मत देईन.