पुनर्विकासाच्या करारनाम्यात ऊर्जाबचतीच्या अटी नेमक्या कशा लिहून घ्याव्यात?

प्रश्न – मुलुंडचा एक सभासद

नमस्कार. आमची गृहनिर्माण संस्था मुलुंड पूर्वेला आहे. भूखंड सुमारे १,१०० चौरस मीटरचा आहे आणि त्यावर १९७० च्या दशकात बांधलेली तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत उभी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील निर्देशांनुसार विकासकाची निवड झाली असून विकास करारनाम्याचा मसुदा आमच्या हाती आला आहे. पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभेपुढे तो ठेवायचा आहे.

मसुद्यात ऊर्जेविषयी एकच ओळ आहे : "इमारत ऊर्जा-कार्यक्षम व पर्यावरणपूरक असेल." सोबतचे नकाशे मात्र मला वेगळेच काही सांगतात. एकोणीस मजल्यांच्या नव्या इमारतीच्या बाहेरच्या भिंती ॲल्युमिनियम शटरिंगमध्ये ओतलेल्या, १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या आहेत. आमच्या बाजूच्या सर्व सदनिकांची दिवाणखान्याची बाजू पश्चिमेला येते आणि तिथे जमिनीपासून छतापर्यंत सरकत्या काचा दाखवल्या आहेत. छज्जा कुठेही दिसत नाही. सध्याच्या घराच्या भिंती नऊ इंची विटांच्या आहेत, प्रत्येक खिडकीवर छज्जा आहे आणि मे महिन्यातही दुपारी पंख्यावर भागते. माझ्या आईचे वय ७८ असून संधिवातामुळे तिला वातानुकूलित खोलीत बसवत नाही, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी केवळ वीजबिलापुरता नाही.

नव्या घरांसाठी ऊर्जा कार्यक्षमतेचे काही ठोस नियम आहेत का, असल्यास ते आमच्या इमारतीला लागू होतात का, आणि करारनाम्यात त्या एका ओळीच्या जागी काय लिहून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – वास्तुविशारद, दादर

आपण करारनाम्यावर सही होण्यापूर्वी विचारत आहात हे फार चांगले झाले. दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे पुढेही बदलता येतात. भिंत, खिडकीचा आकार आणि तिची दिशा इमारतीच्या आयुष्यभर तशीच राहते.

नियम आहेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने तयार केलेल्या 'इको निवास संहिते'चा पहिला भाग केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केला आणि तो इमारतीच्या बाह्य आवरणाविषयी, म्हणजे भिंती, खिडक्या व छत यांविषयी आहे. किमान ५०० चौरस मीटरच्या भूखंडावरील निवासी इमारती, तसेच संमिश्र वापराच्या प्रकल्पांतील निवासी भाग तिच्या कक्षेत येतात, त्यामुळे आपला भूखंड त्या मर्यादेत सहज बसतो. पुढे ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ मध्ये २०२२ साली दुरुस्ती होऊन निवासी इमारतींसाठी संहिता करण्याला कायद्याचा आधारही मिळाला.

मात्र केंद्राने संहिता जाहीर केली म्हणजे ती प्रत्येक महापालिकेच्या नकाशा-मंजुरीत आपोआप येते, असे नाही. स्थानिक हवामानानुसार बदल करून ती अधिसूचित करणे हे राज्याचे काम आहे, आणि स्थानिक विकास नियंत्रण नियमावलीत तिचा समावेश झाल्यावरच ती मंजुरीशी जोडली जाते. आपल्या प्रकल्पाला मंजुरीच्या वेळी तिच्यातील काय लागू होईल, हे विकासकाच्या वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे. पण करारनाम्याला त्या उत्तरासाठी थांबण्याची गरज नाही, कारण दोन्ही पक्षांनी मान्य केलेली अट ही नियमावलीत असो वा नसो, पाळावीच लागते.

आता आकड्यांकडे वळू. मुंबई उष्ण व दमट हवामान विभागात येते. या विभागात छत वगळून उरलेल्या आवरणातून घरात येणाऱ्या उष्णतेचे माप, ज्याला आरईटीव्ही म्हणतात, ते प्रति चौरस मीटर १५ वॅटपेक्षा जास्त असता कामा नये. हे माप तीन गोष्टींची बेरीज आहे : भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट आत येणारे ऊन. आपल्या हवामानासाठी संहितेने यांना अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१ असे गुणक दिले आहेत. शिवाय दिशेचा गुणकही असतो. मुंबईच्या अक्षांशावर तो उत्तरेला सुमारे ०.६६ आणि पूर्व-पश्चिमेला सुमारे १.१६ आहे.

आपल्या नकाशावर ढोबळ हिशेब करून पाहू. दिशेचा गुणक १ आणि बाह्य पृष्ठभागाचा पाचवा भाग काच धरू. १५० मिलिमीटर काँक्रीटचे यू-मूल्य, म्हणजे उष्णता आरपार जाऊ देण्याचे प्रमाण, साधारण ३.५ असते. मग केवळ भिंतीचाच वाटा ५.१५ × ०.८ × ३.५, म्हणजे १४.४ होतो. साध्या काचेतून झिरपणारी उष्णता १.५ आणि थोडी सावली धरूनही थेट उन्हाचा वाटा ९.१. बेरीज २५ वर जाते. खिडक्या तशाच ठेवून भिंत फक्त २०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) केली, तर यू-मूल्य ०.८ च्या आसपास येते, भिंतीचा वाटा ३.३ वर उतरतो आणि बेरीज १४ च्या जवळ राहते. म्हणजे काँक्रीटच्या भिंतीने खिडकीचा विचार सुरू होण्यापूर्वीच जवळजवळ सगळी मर्यादा खाल्लेली असते. आपल्याकडे तर काच पाचव्या भागाहून जास्त आणि तीही पश्चिमेला दिसते.

काँक्रीटच्या भिंतींचे फायदे मी नाकारत नाही. काम झपाट्याने होते आणि भिंत व स्लॅब यांच्यातील सांधे कमी होतात. तरीही विकासक पातळ भिंतीचा आग्रह का धरतात, हे सभासदांनी समजून घ्यावे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येनुसार बाह्य भिंतीखालची जागा कार्पेट क्षेत्रात (सदनिकेच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेत) धरली जात नाही, पण एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर करता येणाऱ्या एकूण बांधकामाच्या मर्यादेत, ती मोजली जाते. इमारतीची परिमिती १०० मीटर धरली, तर भिंत ५० मिलिमीटरने जाड झाल्यावर एकोणीस मजल्यांत मिळून सुमारे ९५ चौरस मीटर जागा भिंतीत जाते. वाटाघाटीत या ९५ चौरस मीटरांचा विषय उघडपणे काढावा, कारण विकासकाची खरी अडचण बहुधा तीच असते.

उत्तर २ – कांदिवलीची रहिवासी

आमच्या इमारतीचा पुनर्विकास पूर्ण होऊन चार वर्षे झाली. विकासकाचे नाव मी येथे घेणार नाही, परंतु आमची चूक सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या करारनाम्यात "एएसी ब्लॉक किंवा समतुल्य" असे शब्द होते. बांधकाम सुरू झाल्यावर बाहेरच्या भिंती काँक्रीटच्या झाल्या, आणि आम्ही हरकत घेतली तेव्हा मजबुतीच्या दृष्टीने काँक्रीट समतुल्यच नव्हे तर सरस आहे, असे उत्तर मिळाले. उष्णतेच्या दृष्टीने समतुल्य, असे आम्ही लिहिलेच नव्हते.

आमची शयनगृहे पश्चिमेला आहेत. एप्रिल आणि मे महिन्यांत रात्री दहा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते, कारण दिवसभर शोषलेली उष्णता ती रात्री आत सोडत असते. जुन्या घरी आमच्याकडे एकही वातानुकूलन यंत्र नव्हते. आता दोन आहेत आणि ती चैनीसाठी घेतलेली नाहीत. नंतर आतून उष्णतारोधक थर लावण्याचा आम्ही विचार केला. पण शयनगृहाची रुंदी आधीच नऊ फूट, त्यात कपाटाची जागा आणि भिंतीतील विजेच्या पेट्या यांमुळे ते जमले नाही. म्हणून "समतुल्य" हा शब्द ठेवायचाच असेल, तर त्यापुढे यू-मूल्याचा आकडा लिहून घ्या.

प्रश्नकर्ता – मुलुंडचा एक सभासद

दोघींचेही मनापासून आभार. आरईटीव्हीचा हिशेब मी आजच आमच्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागारांकडे पाठवला आहे. एक शंका आहे. काच कमी करा असे म्हटले की हवा आणि उजेड कमी होईल, अशी भीती काही सभासद व्यक्त करतात. तो आक्षेप खरा आहे का?

उत्तर ३ – वास्तुविशारद, दादर

आक्षेपामागची काळजी योग्य आहे, पण काचेचे क्षेत्र आणि उघडणारे क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संहितेने म्हणूनच दुसरी अट घातली आहे : उष्ण व दमट विभागात उघडू शकणारे क्षेत्र सदनिकेच्या कार्पेट क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावे. दमट हवेत घाम वाळण्यासाठी वाऱ्याची झुळूक लागते, त्यामुळे आपल्या विभागाला हे प्रमाण सर्वांत जास्त ठेवले आहे. बाहेर उघडणाऱ्या खिडक्या, झडपा आणि उघड्या बाल्कनीची दारे यात मोजतात. मार्गिकेत उघडणारे मुख्य दार मोजत नाहीत.

४५० चौरस फुटांची सदनिका घ्या. तिला ७५ चौरस फूट उघडे क्षेत्र हवे. नकाशात बाल्कनीचे सरकते दार ८ × ७ म्हणजे ५६, पाच बाय चारच्या दोन खिडक्या मिळून ४०, स्वयंपाकघराची १२ आणि न्हाणीघराच्या झडपा ४ असतील, तर कागदावर ११२ चौरस फूट दिसतात. परंतु दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कधीही निम्मीच उघडते. म्हणजे हाती येतात २८, २०, ६ आणि ४, एकूण ५८. सदनिका नापास होते. बाल्कनीचे दार तसेच ठेवून खिडक्या बिजागरीच्या केल्या, तर त्यांचे ९० टक्के क्षेत्र उघडे धरले जाते आणि बेरीज ७८ च्या पुढे जाते. काच एक इंचही वाढलेली नसते. (मुंबईत तीन पट्ट्यांच्या सरकत्या खिडकीत तिसरी पट्टी बहुधा मच्छरजाळीची असते, तेव्हा तिला तीन पल्ल्यांची खिडकी समजून हिशेब करू नये.)

उजेडाबद्दल इतकेच, की ऊन अडवण्यासाठी गडद काळी काच लावणे हा उपाय नव्हे. काचेने किमान किती प्रकाश आत सोडावा याचीही मर्यादा आहे. आवरणात काचेचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असेल तर ती ०.२७ आहे. त्यापेक्षा छज्जा मागा. उभा पाऊस असताना छज्ज्याखालची खिडकी थोडी उघडी ठेवता येते, आणि आपल्याकडे जुलैमध्ये दारेखिडक्या बंद करून बसण्याचा त्रास मे महिन्याच्या उन्हाइतकाच असतो. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र एकट्या छज्ज्याने अडत नाही. त्या बाजूला खोल बाल्कनी, उभी पट्टी किंवा बाहेरून सरकणारी झडप हवी, आणि जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेऐवजी तीन फुटांची पॅरापेट भिंत घेतली तरी मोठा फरक पडतो.

उत्तर ४ – यांत्रिकी अभियंता, ठाणे

भिंती-खिडक्यांचे वर सविस्तर आलेच आहे, म्हणून मी गच्चीपुरते लिहितो. संहितेनुसार छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावे. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबचे ते ३ च्या वर असते. आपल्याकडे गच्चीवर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा करण्याची पद्धत आहे, पण तो प्रामुख्याने उतार व पाणीरोधनासाठी असतो आणि नुसत्या कोब्यावर १.२ गाठले जाईल असे गृहीत धरू नये. ४० ते ५० मिलिमीटर एक्सपीएसचा (उष्णतारोधक फोमच्या पाट्यांचा) थर दिला की प्रश्न सुटतो. मात्र हा थर आणि पाणीरोधक थर यांचा क्रम एकाच ठेकेदाराच्या जबाबदारीत ठेवावा. अन्यथा पहिल्याच पावसात गळती झाली की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी घेतल्यास ऊन परावर्तित होते. एकोणीस मजल्यांत याचा लाभ फक्त वरच्या मजल्याला असल्याने सभेत हा मुद्दा दुर्लक्षित राहतो, आणि त्या मजल्यावर जुन्या सभासदांपैकी कोणाची सदनिका येणार आहे हे आधी पाहावे.

लिफ्ट, पंप आणि सामाईक दिवे यांच्यासाठी संहितेचा २०२१ चा भाग पाहावा.

करारनाम्यात मी पुढील मजकूर सुचवतो : "संपूर्ण इमारतीचा आरईटीव्ही प्रति चौरस मीटर १५ वॅट किंवा त्याहून कमी, छताचे यू-मूल्य १.२ किंवा त्याहून कमी आणि प्रत्येक सदनिकेचे उघडणारे क्षेत्र कार्पेट क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश राहील. याची गणना, भिंतीचा छेद आणि खिडक्यांचा तक्ता हे परिशिष्ट म्हणून जोडले असून संस्थेच्या लेखी संमतीशिवाय त्यांत बदल करता येणार नाही." संहितेचे माप संपूर्ण आवरणाचे असते, त्यामुळे उत्तरेकडच्या सदनिकांच्या जोरावर इमारत उत्तीर्ण होऊन पश्चिमेची घरे तापलेली राहू शकतात. आपल्या आईंची खोली पश्चिमेला येणार असेल, तर त्या दर्शनी बाजूची गणना वेगळी मागावी आणि तिच्यासाठीही तीच मर्यादा लिहून घ्यावी. तपासणी जोता झाल्यावर नव्हे, तर पहिल्या निवासी मजल्याची बाह्य भिंत उभी राहताच आणि खिडकीची पहिली चौकट बसताच करावी, कारण त्यानंतर उरलेले अठरा मजले त्याच पद्धतीने होतात.