मदत हवी आहे: दस्तातला ठरलेला मजकूर वर्डमध्ये साठवायचा कसा?

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. हक्कसोडपत्रं, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे अर्ज. गणपतीत चाकरमानी आले की सगळ्यांना सगळं पाच दिवसांत हवं, कारण परतीचं तिकीट आधीच काढलेलं.

निम्मा मजकूर ठरलेला असतो. 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह', मग 'स्वखुशीने व अक्कलहुशारीने'. म्हणून मी मागच्या पार्टीची फाइल उघडतो, सेव्ह ॲज करतो आणि नावं बदलतो. गेल्या वर्षी अकरा हिस्सेदारांची नावं बिनचूक बदलली, पण चतुःसीमेत 'उत्तरेस वहाळ' (म्हणजे ओढा) जुनाच राहिला. त्यांची जागा सड्यावर, कातळाच्या माळावर, तिथे वहाळ कुठला! नोंदणीनंतर लक्षात आलं. चूक दुरुस्तीचा दस्त माझ्या खिशातून.

फाइंड-रिप्लेसही करून पाहिलं. 'राम'च्या जागी 'अनंत' टाकलं, तर साक्षीदार परशुरामाचा परशुअनंत झाला. काय करावं?

प्रतिसाद १

तुमची गरज एक नाही, दोन आहेत.

जो मजकूर कधीच बदलत नाही, तो सिलेक्ट करा (पूर्ण परिच्छेद, म्हणजे मांडणीही सोबत साठते), आल्ट+एफ३ दाबा, छोटं नाव द्या. पुढे ते नाव टाइप करून एफ३ दाबलं की अख्खा मजकूर हजर. लिब्रेऑफिसमध्ये साठवायला कंट्रोल+एफ३. असा साठवलेला मजकूर म्हणजे ब्लॉक. वर्ड स्वतः बंद होताना हे ब्लॉक सेव्ह करतं, तेव्हा ब्लॉक बनवल्यावर एकदा वर्ड बंद करा आणि विचारेल त्याला 'हो' म्हणा. नाहीतर पावसात लाइट गेली की मेहनत गेली.

बदलणाऱ्या गोष्टींना मात्र हे चालत नाही. त्यासाठी इन्सर्ट, क्विक पार्ट्स, डॉक्युमेंट प्रॉपर्टी. तिथली 'सब्जेक्ट' लिहून देणाराच्या नावासाठी घ्या, जिथे जिथे नाव येतं तिथे घाला. एका जागी भरलं की बाकी सगळीकडे आपोआप बदलतं. कोरी फाइल टेम्पलेट (नमुना) म्हणून ठेवा, मागच्या पार्टीची नको. भरायचं राहिलं तर कंसात 'सब्जेक्ट' असं दिसत राहतं. चुकीच्या वहाळापेक्षा ते बरं, निदान डोळ्यांत खुपतं.

प्रतिसाद २

वरच्याला जोड. आपल्या दस्ताची भाषा यासाठी सोयीची आहे. 'श्री. अमुक यांनी', 'यांस', 'यांचे'. विभक्ती 'यां'ला लागते, नाव जसंच्या तसं राहतं. अडतं ते क्रियापदावर. 'लिहून देतो' आणि 'लिहून देते' असे दोन ब्लॉक करा. अनेक जण असले तर 'आम्ही'चा तिसरा.

आणि जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. नाहीतर फॉन्ट बदलला की काष्ठ-पाषाणाची चिन्हं होतात.

धागाकर्ता

दुपारी बसून केलं. उत्तरेच्या शेजाऱ्याला 'मॅनेजर' प्रॉपर्टी दिली आहे, बायको हसतेय. पण दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ब्लॉक दिसत नाहीत?

प्रतिसाद १

टेम्पलेट उघडून ब्लॉक परत बनवा, 'सेव्ह इन'मध्ये त्याच टेम्पलेटचं नाव निवडा. मग फाइल पेनड्राइव्हवरून न्या, ब्लॉक सोबत जातील.