शब्दचर्चा : सूट, सवलत, माफी आणि 'विखंडित' ठराव

प्रश्न

कायद्यात अमुक दुरुस्त्या करा, अशी मागणी महापालिका राज्य शासनाकडे करते, तेव्हा 'करमाफी', 'करसवलत' आणि 'करातून सूट' हे तिन्ही शब्द एकाच मागणीसाठी वापरलेले दिसतात. बातम्यांतही तेच. हे समानार्थी आहेत का? शिवाय शासनाने ठराव 'विखंडित' केला म्हणजे नुसता 'रद्द' केला, की त्यात आणखी काही आहे?

प्रतिसाद १

समानार्थी धरले की घोटाळा होतो. 'सूट' म्हणजे त्या मिळकतीवर तो कर बसतच नाही, आणि हे कायद्यातच लिहिलेले असावे लागते. 'सवलत' म्हणजे कर बसतो, पण आकारणी कमी होते किंवा देयकातून काही भाग वजा होतो. 'माफी' म्हणजे कर बसला, देणे झाले, थकलेसुद्धा, आणि आता ते वसूल करायचे नाही. पहिली पुढच्या वर्षांसाठी, तिसरी मागच्या वर्षांसाठी. 'मालमत्ता कर माफ करावा' एवढाच ठराव मंत्रालयात गेला तर तिथल्या कक्ष अधिकाऱ्याने कायद्याचे कोणते कलम उघडावे?

महापालिकेला कर बसवण्याचा अधिकार मुळात राज्याच्या कायद्यातून मिळतो. मुंबईसाठी १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम, बाकीच्या महापालिकांसाठी १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यामुळे कायद्यात नसलेली सूट सभागृहाने एकमताने दिली तरी ती टिकत नाही.

प्रतिसाद २

याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचे आहे. सभागृहाने २०१७ मध्ये ठराव केला, लोकांनी तो 'मालमत्ता कर माफ' असा वाचला. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला, तो मात्र फक्त 'सर्वसाधारण करा'पुरता. आता मालमत्ता कराचे देयक उघडून पाहा : सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथकर. 'मालमत्ता कर' हे या सगळ्यांचे मिळून नाव, 'सर्वसाधारण कर' हा त्यातला एक घटक. सूट एका घटकाला मिळाली, बाकीचे घटक जागच्या जागी राहिले आणि देयकांवरून वाद पेटला. १ जानेवारी २०२२ रोजी मुख्यमंत्र्यांनी संपूर्ण मालमत्ता करातून सूट जाहीर केली, आणि त्यासाठी कायद्याला पुन्हा हात लावावा लागला.

म्हणून मागणीत कराचे घटक नावानिशी लिहायला हवेत. राज्य शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर राज्याचे असतात, महापालिका ते फक्त गोळा करते. त्यांचा उल्लेख राहून गेला तर त्यांना सूट मिळणार नाही असेच समजा.

प्रतिसाद ३

'विखंडित'बद्दल. स्वतःचा ठराव सभागृहच मागे घेते तेव्हा 'रद्द' म्हणतात. 'विखंडित' हा शासनाच्या अधिकाराचा शब्द आहे. १९४९ च्या अधिनियमातले कलम ४५१ पाहावे. ठराव कायद्याच्या विरुद्ध किंवा अधिकाराबाहेरचा असेल, त्याने शांतता बिघडण्याची किंवा महापालिकेचा पैसा वाया जाण्याची शक्यता असेल, तर शासन त्याची अंमलबजावणी थांबवू शकते. प्रत्यक्षात दोन पायऱ्या असतात : आधी ठराव 'प्रथमतः निलंबित', मग महापालिकेचे म्हणणे मागवून 'अंतिमतः विखंडित'. बातमीत या दोन्हींना 'रद्द' म्हणतात. ते चूक आहे, कारण निलंबनाच्या टप्प्यावर बाजू मांडायला वाव असतो.

पुण्याचा मिळकतकर घ्या (मुंबईत मालमत्ता कर, पुण्यात मिळकतकर, इतरत्र घरपट्टी). स्वतः राहणाऱ्या घरमालकांना ४० टक्के सवलत १९७० च्या ठरावाने मिळत होती, आणि देखभालीसाठी वजावट १५ टक्के धरली जात होती. अधिनियमात वजावट १० टक्केच आहे. वार्षिक भाडेमूल्य १,००,००० धरले तर ठरावाप्रमाणे आधी ६०,००० आणि त्यातून १५ टक्के जाऊन ५१,००० करपात्र मूल्य होते. कायद्याप्रमाणे ते ९०,०००. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि २०१९ मध्ये शासनाने तो जुना ठराव विखंडित केला. जवळपास पन्नास वर्षे चाललेली सवलत गेली, कारण तिच्यामागे ठराव होता, कायद्याचे कलम नव्हते. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत पुन्हा लागू केली, वजावट १० टक्क्यांवर आणली, आणि मागच्या फरकाची वसुली करायची नाही असे ठरवले. यातला शेवटचा भाग तेवढा 'माफी'. आता त्याच उदाहरणात करपात्र मूल्य ५४,००० येईल.

मूळ प्रश्नकर्ता

फार उपयोगी. मग नुसती कायदादुरुस्ती मागणारा ठरावही विखंडित होऊ शकतो का?

प्रतिसाद ३

त्यात अंमलबजावणी करण्यासारखे काहीच नसते, त्यामुळे तशी वेळ सहसा येत नाही. मागणी मरते ती दुसऱ्या शब्दांनी. सभेतच 'दप्तरी दाखल' झाली तर ती मंत्रालयापर्यंत पोचतच नाही. 'तहकूब' असेल तर पुढच्या सभेत पुन्हा येते, ती जिवंत असते. मंत्रालयात फाइल बंद झाली की 'नस्तीबद्ध'. महापालिकेचे पत्र तिथे पडून राहण्याचे नेहमीचे कारण म्हणजे त्यासोबत आयुक्तांचा 'स्वयंस्पष्ट अभिप्राय' (मागणीवर त्यांचे कारणांसह स्पष्ट मत) नसतो. मग विभाग तो मागवतो, आणि उत्तर जाईपर्यंत अधिवेशन निघून जाते.

प्रतिसाद ४

प्रस्तावासोबत काय जावे ते लिहितो, कारण हे शब्दही अनेकदा चुकतात. ठरावाची प्रमाणित प्रत, आयुक्तांचा अभिप्राय, आणि तीन रकान्यांचा तक्ता : विद्यमान तरतूद, प्रस्तावित सुधारणा, कारणे. तक्त्यात कलम आणि पोटकलमाचे क्रमांक हवेत. दरवर्षी किती उत्पन्न बुडेल आणि ते कुठून भरून काढणार, हेही हवे. नाहीतर वित्त विभागाची शंका येणारच. पुढे नगरविकास विभागाची टिपणी, मंत्रिमंडळाची मान्यता, विधी व न्याय विभागाचा मसुदा. विधानमंडळात मांडलेले ते 'विधेयक', दोन्ही सभागृहांनी संमत करून राज्यपालांची संमती मिळाली की 'अधिनियम'. अधिवेशन नसताना काढलेला तो 'अध्यादेश', आणि विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे अधिनियमात रूपांतर झाले नाही तर तो संपतो. 'शासन निर्णय' या तिघांपैकी काहीच नाही. अधिनियमात नसलेली सूट शासन निर्णयाने देता येत नाही.

यादीतला क्रमही महत्त्वाचा. वीस मागण्या 'अत्यंत प्राधान्याच्या' म्हणून पाठवल्या तर प्राधान्य कशालाच उरत नाही. कराची दुरुस्ती हवी असेल तर ती पहिल्या दोनतीनांत आणि हिवाळी अधिवेशनाच्या आधी जावी, कारण कराचे नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते.

प्रतिसाद २

एक राहिले. '५०० चौरस फूट' कशाचे, हेही ठरावात लिहायला हवे. चटई क्षेत्रफळ म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, बांधीव क्षेत्रफळात भिंतींची जाडीही येते. 'चटईक्षेत्र' एवढेच लिहिले तर वाचणारा चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडावर किती बांधकाम करता येते त्याचे प्रमाण) समजू शकतो, आणि तो तर बांधकामाच्या परवानगीचा विषय. मुंबईला सूट देणाऱ्या तरतुदीत मोजमाप '४६.४५ चौरस मीटर (५०० चौरस फूट) किंवा त्यापेक्षा कमी चटई क्षेत्रफळाच्या निवासी सदनिका' असे आहे. 'निवासी' हा शब्द वगळला तर त्याच मापाचा दुकानगाळाही सूट मागायला येईल.