१८ महिन्यांच्या ग्रँटचे ९ महिने गेले, काम पावसुद्धा नाही. नेमकं चुकतंय कुठे?

पाणीवाली
मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण वाचा प्लीज. मी एका मदतसंस्थेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, विस्थापितांच्या कॅम्पमध्ये पाणी आणि संडास असं काम आहे. ग्रँट १८ महिन्यांची, त्यातले पहिले ४ माणसं भरण्यातच गेले, आता ९ संपले आणि खर्च झालाय जेमतेम पाचवा हिस्सा. दर सोमवारी हेड ऑफिसचा एकच प्रश्न, बर्न रेट, म्हणजे पैसे खर्च होण्याचा वेग, कमी का? खरं सांगायचं तर ज्यांनी प्रपोजल लिहिलं ते संस्था सोडून गेलेत, मी दाखवेपर्यंत फील्ड टीमने लॉगफ्रेम (प्रोजेक्टची उद्दिष्टं आणि ती मोजायच्या खुणा मांडणारा तक्ता) बघितलेलीच नव्हती, आणि रोज काय करायचं ते ठरतं कोणाचा फोन आधी आला त्यावर. मागच्या आठवड्यात आमचा वॉटर सुपरवायझर म्हणाला, मॅडम मला एवढंच सांगा या महिन्यात किती नळ उभे करायचे, आणि मला आकडा सांगता आला नाही. त्या रात्री झोप लागली नाही मला. आता वरून सुचवतायत की नवीन सॉफ्टवेअर घेऊया, सगळे टास्क त्यात टाका. त्याने खरंच फरक पडतो का? की मी एखादा कोर्स करू? ज्यांनी असा रुतलेला प्रोजेक्ट बाहेर काढलाय त्यांनी सांगा.

गोदामवाला
ताई, सॉफ्टवेअर राहू द्या, आधी खरेदीचं बघा. १२ वर्षं लॉजिस्टिक्समध्ये काढलीत, मी पाहिलेले प्रोजेक्ट बहुतेक वेळा इथेच अडकलेत. प्रपोजलमध्ये 'तिसरा महिना, पंप बसवणे' अशी एक ओळ असते, पण त्या एका ओळीमागे स्पेसिफिकेशन, कोटेशन्स, तुलनेचा तक्ता, सह्या, ऑर्डर, जहाज, कस्टम्स, ट्रक हे सगळं असतं आणि वर पावसाळ्यात रस्ता बंद. त्यामुळे पंप ज्या दिवशी चालू व्हायला हवा तिथून उलटं मोजत या, कोटेशन कधी मागवायला हवी होती ते कळेल. तारीख उलटून गेलेली असेल तर तसंच लिहा, लपवू नका.

एक किस्सा सांगतो. एकदा आमचा पंप अगदी वेळेवर आला, सगळे खूश, खोकं उघडलं तर पंपाच्या तोंडाचं माप एक आणि आमच्या पाइपांचं माप दुसरं. पाइप एकाने मागवले होते, पंप दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांचा कागद बघितलाच नव्हता. मुठीत मावेल एवढा जोडणीचा तुकडा यायला ६ आठवडे गेले, तेवढे दिवस लोक टँकरची वाट बघत बसायचे आणि मी दर मोजणीला स्टॉक कार्डावर 'पंप, शिल्लक १' लिहायचो. तेव्हापासून माझा हट्ट असतो की सुरुवातीलाच प्रोग्रॅम, फायनान्स, एचआर आणि आम्ही असे सगळे एक पूर्ण दिवस एका टेबलाशी बसायचं आणि बजेटची प्रत्येक ओळ वाचायची, हे कोण मागवणार, सही कोणाची, कधीपर्यंत. तुमच्याकडे ९ महिने उशीर झालाय पण तो दिवस अजूनही घेता येईल, याच आठवड्यात घ्या.

मोजपट्टी
वरच्या दादांशी सहमत. मी मॉनिटरिंगमध्ये आहे म्हणून लॉगफ्रेमबद्दल बोलते. ती १९६९ मध्ये यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी तयार झाली, आणि तिचं काम आहे काय साधायचं, का, आणि ते साधलं हे कशावरून ओळखायचं एवढं सांगणं. कोणी, कोणत्या आठवड्यात, कोणत्या क्रमाने हे त्यात नसतंच. आपण लॉगफ्रेमलाच प्लॅन समजतो आणि मग सुपरवायझरच्या प्रश्नाला उत्तर नसतं. त्यात तुमची चूक नाही, तो कागद कोणी बनवलाच नव्हता.

नळांचा आकडा मात्र तुम्ही आजच काढू शकता. स्फिअर, म्हणजे मदतकार्यासाठीची आंतरराष्ट्रीय मानकं, त्यातलं किमान प्रमाण माणशी रोज १५ लिटर, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, आणि त्यात नळाची धार मिनिटाला ७.५ लिटर धरलेली असते. आता गुणाकार करा, २५० माणसांना ३७५० लिटर, म्हणजे नळ ५०० मिनिटं चालू हवा, सव्वाआठ तासांच्या वर. तुमच्याकडे जनरेटर दिवसाला ४ तासच चालत असेल तर कागदावर २५० ला एक नळ बरोबर दिसेल आणि बायका तरी रिकामी भांडी घेऊन परत जातील. मग एकतर डिझेल वाढवा, नाहीतर नळ दुपटीहून जरा जास्त करा, आणि नळ वाढवले तर पंप आणि टाकी तेवढं पाणी ४ तासांत देतेय का तेही तपासा. हा निर्णय प्लॅनमध्ये यायला हवा, कारण त्यावर खरेदी बदलते, बजेटही बदलतं. सकाळी एक तास नळावर जाऊन उभ्या राहा, बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा, आणि रांगेतल्या बायकांना विचारा पाणी कधी येतं. रिपोर्टात हे सापडणार नाही.

जुनाखेळाडू
मला बर्न रेटवर बोलायचंय. आकडा सुधारायला घाईघाईने खर्च करू नका, कळकळीने सांगतोय. २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीचा पैसा प्रचंड आला होता आणि नंतरच्या संयुक्त मूल्यमापनात हेच मांडलं गेलं की लवकर आणि डोळ्यांत भरेल असा खर्च करायच्या दडपणामुळे स्थानिक लोकांची ताकद नीट वापरली गेली नाही. त्यापेक्षा डोनरला आत्ताच कळवा. मी काही वर्षं ग्रँट्स सांभाळल्यात, नवव्या महिन्यात सुधारित वर्कप्लॅन घेऊन आलेल्या माणसाचं आम्ही नीट ऐकायचो, सतराव्या महिन्यात नो-कॉस्ट एक्स्टेन्शन (जादा पैसे न घेता मुदतवाढ) मागणाऱ्याला काय सांगणार, वेळच उरलेला नसतो.

कोर्सचं म्हणाल तर प्रोजेक्ट डीप्रो बघा (आधी त्याचं नाव पीएमडी प्रो होतं), आपल्याच क्षेत्रासाठी बनवलेला आहे आणि त्याची गाइड फुकट वाचायला मिळते. पण अख्खी वाचत बसू नका. इश्यू लॉग, म्हणजे अडलेल्या गोष्टींची नोंदवही, आणि कोण काय ठरवू शकतो हा तक्ता, एवढ्या दोनच गोष्टी आधी लावा. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये संडासाची जागा १० मीटर सरकवायची परवानगी हेड ऑफिसातून यायला ३ आठवडे लागले होते, खड्डे खणणारी माणसं तोवर दुसऱ्या कामाला निघून गेली.

पाणीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पहाटे नळावर गेले होते. २० लिटरचा कॅन भरायला ५ मिनिटं २० सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला ४ लिटरसुद्धा नाही. दुपारी सुपरवायझरला घेऊन बसले, त्यानेच सांगितलं की फिल्टर बदलायची मागणी त्याने दोनदा पाठवली होती, कोणाकडे अडकली ते त्याला माहीत नाही. इश्यू लॉगची पहिली ओळ तीच लिहिली. गुरुवारी सगळ्यांना टेबलाशी बसवतेय, फायनान्सवाले हो म्हणालेत, एचआरला अजून विचारायचंय.